आधी धाकट्याचं रक्त तपासून घे

बघ, त्या स्टेम सेलवाल्या क्लिनिकला ॲडव्हान्स भरू नकोस. खरं सांगू का, तुझ्या लेकीच्या थॅलेसेमियावर मूळपेशींचा उपचार आहेच, पण तो इंजेक्शनं टोचून होत नाही. त्याला बोनमॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. भारतात तो पहिल्यांदा यशस्वी झाला १९८३ साली, आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये. रक्ताच्या कर्करोगाची नऊ वर्षांची मुलगी होती आणि मॅरो दिला तिच्या भावाने. आयसीएमआरच्या २०१७च्या नियमांत रक्ताच्या आजारांसाठी हाच उपचार मान्य आहे. नाळेचं रक्त साठवलं नाही म्हणून रडत बसू नकोस गं, तिच्या स्वतःच्या नाळेतही तोच दोष असता.

आता धाकट्याची एचएलए तपासणी करून घे, म्हणजे त्याचा मॅरो तिला जुळतो का ते कळेल. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. तो थॅलेसेमिया मायनर निघाला तरी मॅरो देऊ शकतो, घाबरू नकोस. भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, थोडे दिवस दुखतं, आणि काही आठवड्यांत तो पुन्हा भरून येतो. अर्धं जुळणाऱ्याला ‘हाप्लो’ म्हणतात. मी ते हापूस ऐकलं होतं, तू हसून घे. त्यात धोका जास्त, म्हणून आधी भावंड.

तोवर लोह उतरवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. रक्त चढवून चढवून साठलेलं लोह यकृत खराब करतं, आणि यकृत जितकं चांगलं तितकं ट्रान्सप्लांट सुरक्षित. तिची कटकट ऐकायची, पण गोळी द्यायचीच.

पैशाचं म्हणशील, तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळते आणि लखनऊचं पीजीआय त्या यादीत आहे. पूर्वी उत्पन्नाची अट होती, आता काय नियम आहेत ते आधीच विचारून ठेव.

ट्रान्सप्लांटनंतर मात्र वाईटपणा घ्यावा लागेल. सासूबाई पुष्पक एक्सप्रेसने लखनऊच्या चारबाग स्टेशनला उतरतील, डब्यात लाडू घेऊन. लाडू तुम्ही दोघांनी खा, तिला फक्त ताजा, गरम वरणभात. सर्दीवाल्या पाहुण्याला दारातूनच नमस्कार. प्रतिकारशक्ती परत यायला महिने लागतात, आणि नव्या पेशींनी तिच्याच शरीरावर उठू नये म्हणून औषधंही चालू असतात.

आणि हो, चारबागहून मेट्रोच्या भरवशावर निघू नकोस, ती विमानतळाकडे जाते. पीजीआय रायबरेली रोडला आहे, तिकडे रिक्षाच कर, फाइल आणि धाकटा दोघांनाही बरोबर घेऊन.