गाठ एकटी वाढत नाही

‘डॉक्टर, वडिलांना तोंडाचा कॅन्सर निघालाय. प्रतिकारशक्ती वाढवायला काय देऊ?’ ओपीडीत हा प्रश्न कायमचाच. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुधा कुणीतरी सुचवलेला काढा आधीच असतो.

प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून कॅन्सर झाला, असा सरसकट समज आहे. पण बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पुष्कळदा गाठीच्या कडेला लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची दाटी दिसते. म्हणजे शरीराने गाठ ओळखली, पेशी तिथवर पोहोचल्याही. तरी गाठ वाढतेच.

याचं एक कारण पीडी-१ हे प्रथिन. ते टी-पेशींवर असतं आणि ब्रेकचं काम करतं. हा ब्रेक हवाच, नाहीतर टी-पेशी आपल्याच थायरॉइडवर, आतड्यांवर उलटतील. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी पीडी-एल१ हे प्रथिन अंगावर आणून नेमका हाच ब्रेक दाबून धरतात. शेजारपाजारही गाठीला फितूर होतो. जखम भरून काढणाऱ्या मॅक्रोफेज पेशी तिला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. फायब्रोब्लास्ट पेशी भोवती कोलाजेनचे धागे इतके दाट विणतात, की टी-पेशींना आत शिरणं अवघड होतं.

सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडात तर कोलाजेन गाठीच्याही आधीपासून साठू लागतं. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत पांढरट, ताठ पट्टे तयार होतात, तिखट झोंबू लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. हा सबम्यूकस फायब्रोसिस. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहा. जात नसतील तर दाखवून घ्या. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे.

ब्रेक सोडवणारी औषधं म्हणजे इम्युनोथेरपी. तिचा पाया घालणारे जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. औषधं महाग, म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलने दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचा फक्त २० मिलिग्रॅम डोस देऊन पाहिला. नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तोंड-घशाचा कॅन्सर खूप पुढे गेलेले १५१ रुग्ण या अभ्यासात होते. नुसत्या केमोच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के, तर सोबत हे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के वर्षभरानंतर हयात होते. मात्र ते प्रत्येकाला लागू पडत नाही. कुणाला द्यायचं हे कर्करोगतज्ज्ञच ठरवतील.

उपचार सुरू असलेल्यांनी एवढं सांभाळावं:

• संधिवात, सोरायसिस, किडनी प्रत्यारोपण किंवा चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांतलं काहीही असेल तर इम्युनोथेरपीच्या आधीच सांगा.

• ब्रेक सुटला की टी-पेशी आपल्याच अवयवांवरही चालून जाऊ शकतात. जुलाब, कोरडा खोकला, धाप, पुरळ, कमालीचा थकवा यांपैकी काही झालं, अगदी औषध संपून काही महिने झाले असले, तरी मेडिकलमधून गोळी आणून भागवू नका. त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा.

• काढे, पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांनी ब्रेक सुटत नाही. कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. केमो चालू असताना यकृतावर आणखी भार नको. पैसे खर्चायचेच तर अंडी, डाळ, दूध, दही यांवर खर्चा.

• बायोप्सीने कॅन्सर पसरतो, या भीतीने तपासणी लांबवू नका. तोंडातला चट्टा किंवा व्रण दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. गाठ लहान असतानाच शस्त्रक्रिया झाली, तर बऱ्याच जणांना इम्युनोथेरपीची गरजच पडत नाही.