लिलावातली मोटारसायकल

डेअरीला दूध घालायचे, बाजाराला जायचे, तर आज मोटारसायकल लागतेच. नवी घ्यावी तर किंमत ऐकूनच माणूस मागे सरतो. मग कोणीतरी सांगते, लिलावात स्वस्त मिळते. मिळते, हे खरे. पण ती स्वस्त का, हे आधी समजून घेऊ.

लिलावाला बहुतेक दोन तऱ्हेच्या गाड्या येतात. हप्ते थकले की बँक किंवा कर्ज देणारी कंपनी गाडी ओढून आणते आणि विकते. पोलीस ठाण्यातल्या गाड्या निराळ्या. त्या बेवारस सापडलेल्या असतात. मालक पुढे आला नाही, म्हणून ऊनपावसात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या.

लिलावाची नोटीस आपण स्वतः वाचावी. ‘जशी आहे, जिथे आहे’ असे शब्द तीत असतात. म्हणजे घेतल्यावर तक्रार ऐकली जाणार नाही. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. इथे गाडी बहुधा चालवू देत नाहीत. नुसती बघायची.

‘भंगार’ हा शब्द मात्र नोटिशीत नीट शोधावा. गाडी भंगार म्हणून विकली असेल, तर ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. तिचे सुटे भाग तेवढे कामाचे. दुधाच्या पैशातून साठवलेली रक्कम अशा गाडीत घातली, तर दारात नुसते लोखंड येते. कधी सगळ्या गाड्या एकगठ्ठा विकतात. तो भंगारवाल्यांचा सौदा, आपला नव्हे.

पाहणीच्या दिवशी ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. त्याचा दिवसाचा रोज गेला तरी चालेल. सांगाड्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो, इंजिनावर इंजिनाचा. दोन्ही नंबर कागदावरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवावेत. नंबर खरवडलेला दिसला, तर पुढे बोलूच नये. परवानगी मिळाली तर किक हाताने दाबून पाहावी. जाम असेल तर इंजिन बहुधा धरलेले आहे. अगदी सैल खाली गेली तरी आत खर्च आहे. टाकीचे झाकण उघडून गंज बघावा. पुढचे चाक आणि हँडल एका रेषेत नसेल, तर गाडी कुठेतरी आपटली आहे, असे धरून चालावे.

आता कागद. सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसाच गाडीच्या आर. सी. वर कर्जाचा बोजा चढतो. तो उतरवायला नमुना 35 लागतो, तोही कर्ज देणाऱ्याच्या सहीचा. सरकारी लिलावातली गाडी नावावर करायला नमुना 32 भरावा लागतो. ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत तो आर. टी. ओ. कडे द्यायचा असतो. त्यासोबत विक्री कायम झाल्याचा सहीचा कागद लागतो, तो तिथेच मागून घ्यावा. जुना दंड थकला आहे काय, हेही विचारावे. नोंदणी 15 वर्षांची असते. 13 वर्षांची गाडी घेतली, तर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी आणि फी आलीच.

सवाल बोलायच्या आधी घरी बसून हिशेब करावा. समजा, बोली 18,000 रुपयांवर थांबली. टायर, बॅटरी, चेन आणि इंजिनाचे काम मिळून 9,000. विमा, नावावर करणे आणि टेम्पोचे भाडे 4,000. झाले 31,000. वर कर लागतो काय, ते विचारायचे. तेवढ्या पैशात गावातल्याच कोणाची चालती गाडी मिळत असेल, तर लिलावाला जायचे कशाला? मिळत नसेल, तर आपला शेवटचा आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा. बोली चढू लागली की शेजारच्याच्या ईर्षेने तोंडातून आकडा निघतो. आणि एकदा निघालेला सवाल मागे घेता येत नाही. मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत जाते. ज्याला गाडी मिळाली नाही, त्याची अनामत परत मिळते. तिची पावती मात्र जपून ठेवावी.

आजकाल पुष्कळ लिलाव मोबाईलवरच होतात. तिथेही गाडी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय अनामत भरू नये. फोटोत गंज दिसत नाही.

गाडी ताब्यात आली तरी चालवत घरी आणू नये. विम्याशिवाय रस्त्यावर गाडी घालणे गुन्हा आहे. टेम्पोत घालून ती सरळ मिस्त्रीकडे न्यावी आणि टाकीतले जुने पेट्रोल आधी काढून टाकावे.