लाटे कॉफीचा फेस

कॉफीत जायफळ किसून घालण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. चिंचवड-चाकणकडच्या कॉफीगृहांत मिळणारी ‘लाटे’ ही त्याच कॉफीची इटालियन मावसबहीण म्हणावी. थोडी कडक कॉफी, पुष्कळ गरम दूध आणि वर बोटभर फेस, एवढीच तिची रचना. यातला अवघड भाग म्हणजे फेस.

स्वच्छ बाटलीत अर्धे पाणी घेऊन ती जोराने हलवा. बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. पृष्ठताणामुळे पाणी आपला पृष्ठभाग कमीत कमी राखू पाहते. आता त्यात दोन चमचे दूध घालून पुन्हा हलवा. या वेळी फेस टिकतो. दुधातील प्रथिनांच्या रेणूंचा काही भाग पाण्यात रमतो, तर काही भाग पाण्यापासून दूर राहू पाहतो. त्यामुळे हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर गोळा होतात, पृष्ठताण कमी करतात आणि बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. स्निग्ध पदार्थाचे सुटे थेंब हा पापुद्रा फोडतात. म्हणून साय काढलेल्या दुधाचा फेस चांगला येतो.

घरी करायचे तर पाऊण कप दूध ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे. तापमापी नसेल तर वाफा दिसू लागताच, उकळी येण्यापूर्वी, भांडे उतरवावे. दूध फार तापले की साय धरते आणि चव बदलते. मग रवीचे डोके पृष्ठभागाजवळ ठेवून मिनिटभर घुसळावे, म्हणजे हवा आत शिरते. भांडे ओट्यावर हलकेच आपटले की मोठे बुडबुडे फुटतात आणि बारीक उरतात. कपात कडक कॉफी, साखर व चिमूटभर जायफळ घेऊन, चमच्याने फेस अडवत दूध ओतावे, फेस शेवटी. जायफळाचे सुगंधी तेल उडून जाणारे असते, म्हणून ते कॉफीबरोबर उकळू नये.

कॉफीगृहात रवीऐवजी वाफ वापरतात. २०० ग्रॅम दूध १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला (दुधाचा विशिष्ट उष्मा सोयीसाठी १ धरू) १०,००० कॅलरी लागतात. १ ग्रॅम वाफ पाणी होताना ५४० कॅलरी देते आणि ते पाणी ६० अंशांपर्यंत निवताना आणखी ४०. म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम वाफ पुरते! हाच अप्रकट उष्मा हातावर आला तर भयंकर भाजते. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवून दूध फेसाळण्याचा उद्योग कोणीही करू नये.

असाच टिकाऊ फेस आपल्या भागात नदीवरही दिसतो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांच्या मधून आळंदीला जाते. २०२३ आणि २०२४ साली आळंदीला तिच्यावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना दिसले, आणि त्याच पाण्यात वारकरी स्नान करतात. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी इथे रवीचे काम करते. पण नुसत्या पाण्याचा फेस टिकत नाही, हे बाटलीत दिसलेच. प्रथिनांच्या जागी इथे मुख्यतः सांडपाण्यातून आलेली धुण्याची रसायने असतात. त्यांच्या रेणूलाही तशीच दोन टोके असतात. कुजणाऱ्या वनस्पतींमुळेही नदीवर थोडा फेस येऊ शकतो. म्हणून नुसत्या फेसावरून द्रव्य ओळखता येत नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.