परदेशी मुक्काम आणि औषधांचा साठा

वर्सोव्याच्या माझ्या दवाखान्यात येणारी बरीच निवृत्त मंडळी हिवाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जातात. २०२० साली त्यांतील काही तिकडेच अडकली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची महासाथ जाहीर केली. २२ मार्चपासून परदेशातून येणारी नेहमीची विमाने बंद झाली. अडकलेल्यांना आणणारी ‘वंदे भारत’ विमाने ७ मेपासून सुरू झाली. मधल्या काळात मला फोन येत, "डॉक्टर, गोळ्या संपत आल्या. दिवसाआड घेऊ का?"

असे मुळीच करू नये. रक्तदाबाची काही औषधे एकाएकी थांबवल्यास दाब उसळतो, मधुमेहात साखर वाढते. गोळ्या संपण्यापूर्वीच तेथील डॉक्टरांना भेटावे.

निघतानाच पुढील काळजी घ्यावी. त्या देशाचे नियम पाहून, परतीच्या तारखेनंतर महिनाभर पुरतील इतकी औषधे जास्त न्यावीत. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे. तेही कधी बदलते. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळते. इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे, विमानाच्या सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. प्रवासविम्यात जुना आजार धरला आहे की नाही, तेही आधीच विचारून घ्यावे.