टाकीतून टाकीत गॅस भरू नका

प्रश्न : दसऱ्यानंतर आम्ही नवरा-बायको ऊसतोडीला कोल्हापूरकडे जातो. घरची मोठी टाकी नेणं जमत नाही, म्हणून तिच्यातला गॅस नळीनं छोट्या टाकीत भरून नेतो. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, धारूर (जि. बीड)

उत्तर : काळजी घेऊन करण्यासारखं हे काम नाहीच, ते थांबवा. मोठी टाकी उलटी करून, वर गरम पाणी ओतून गॅस उतरवतात, तेव्हा छोटीत किती गेला ते कळत नाही. टाकीतला गॅस द्रवरूप असतो आणि उन्हानं फुगतो. म्हणूनच कंपनीत वजन करून, वर जागा मोकळी ठेवून टाकी भरतात. काठोकाठ भरलेली टाकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तापली तर फुटू शकते. नळीच्या जोडातून सुटलेला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरत शेजारच्या चुलीपर्यंत जातो. तुमची कोपी पाचटाची, आत लेकरं झोपलेली. पेट घेतला तर बाहेर पडायलाही वेळ मिळायचा नाही. शिवाय हा गुन्हा आहे.

त्याऐवजी गॅस कंपनीची 5 किलोची टाकी घ्या. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवरही ती ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. संपली की फडाजवळच्या गावात त्याच कंपनीच्या एजन्सीकडून बदलून घ्या. गॅस थोडा महाग पडतो, तरी हाच मार्ग योग्य. घेताना सील आणि वरच्या पट्टीवरची मुदत पाहा : ‘डी-26’ म्हणजे डिसेंबर 2026पर्यंत. गळतीचा वास आला तर आसपासच्या चुली विझवा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 1906 वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.