मधुमेह आणि फाटलेल्या टाचा

मधुमेहात त्वचेचा कोरडेपणा बहुधा पायांवर आधी दिसतो. रक्तातली साखर फार वाढली की ती लघवीवाटे जाताना शरीरातले पाणीही ओढून नेते आणि अंग कोरडे पडते. साखर आटोक्यात आली की हे बरेचसे ओसरते. दुसरे कारण चिवट आहे. वर्षानुवर्षे चढलेल्या साखरेने घामाच्या ग्रंथी चालवणाऱ्या बारीक नसा निकामी होतात. तळव्यांना घाम येईनासा होतो, नडगीवर कोंडा धरतो, टाचा जाड होऊन फाटतात. काहींच्या चेहऱ्यामानेला त्याच काळात दरदरून घाम फुटतो, त्यामुळे कोरडेपणाची शंकाही येत नाही.

स्पर्शाच्या नसाही याच सुमारास बधिर होऊ लागतात, आणि खरा धोका इथे आहे. प्रस्तुत लेखकाच्या टाचेची भेग दुखलीच नाही. घरच्यांना ती कळली फरशीवरच्या रक्ताच्या ठिपक्यांवरून. भाईंदरजवळच्या डोंगरी, उत्तन, चौक या पट्ट्यात शेतात किंवा बंदरावर बोंबील वाळत घालताना पाय माती, वाळू आणि खाऱ्या पाण्यात असतात. भेगा कामाच्या नाहीतर वयाच्या खात्यावर जातात. ठणका नाही म्हणजे भेग किरकोळ, हा हिशेब मधुमेहात चुकतो.

काळजी घेणे खर्चिक नाही. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आटपावी. पाणी कोपराने पाहावे, कारण बधिर पायाला कढत कळत नाही. अंग टिपल्यावर, ते ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावले तर ओलावा टिकतो. सुकलेल्या टाचेवर नुसते तेल चोळून फारसे साधत नाही. जाड टाचांना १० टक्के युरियाचे मलम चांगले, मात्र उघड्या भेगेवर ते झोंबते. बोटांच्या बेचक्यांत काहीही लावू नये. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. ब्लेडने टाच तासू नये. कुरूपावरची औषधी पट्टीही नको, तिच्यातले आम्ल चांगली कातडी खाते.

रोज रात्री तळवे उजेडात पाहावेत. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ती तपासतात, दुखत नाही. भेगेतून रक्त, पाणी किंवा पू आला, भोवती लाली, सूज वा ऊब जाणवली, तर घरगुती लेप न लावता त्याच दिवशी भाईंदरला जाऊन डॉक्टरांना दाखवावे.