काळ्या पडद्याचे निदान

गेल्या पावसाळ्यात चवथीच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेचा संगणक कक्ष उघडला, तेव्हा एका संगणकाचा पडदा काळाच राहिला. कोरगावातील वृद्धांना भेटून खाजन शेतीविषयी विद्यार्थ्यांनी टिपलेली सारी माहिती त्याच संगणकात होती आणि तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. "संगणक मेला!" असे एकाने म्हणताच सर्वांचे चेहरे उतरले.

परंतु पडदा म्हणजे संगणक नव्हे. जत्रेच्या रात्री नाटकाचा पडदा उघडावयास विलंब झाला, तर नटमंडळी आलीच नाहीत असे आपण मानीत नाही. संगणकातील माहिती पेटीतल्या साठवण-तबकडीत असते. मॉनिटर केवळ चित्र दाखवितो. म्हणून दोष कोठे आहे हे क्रमाने शोधावयाचे आम्ही ठरविले.

पहिला प्रश्न असा की, मॉनिटरला वीज पोहोचते काय? त्याचा दिवा मुळीच लागत नसेल, तर प्लग, स्वीच व वीजवाहक तार तपासावी. आमच्या मॉनिटरचा दिवा लागला आणि 'संकेत नाही' या अर्थाचा संदेश क्षणभर उमटला. म्हणजे मॉनिटर जागा होता. त्याला पेटीकडून चित्र मात्र मिळत नव्हते.

दुसरा प्रश्न केबलचा. जुन्या पद्धतीच्या निळ्या जोडणीत 3 ओळींत मिळून 15 छिद्रे असतात. त्यांत शिरणारी एखादी पिन वाकली तरी चित्र बिघडते. पेटीत चित्रासाठी वेगळे कार्ड बसविले असेल, तर केबल सामान्यतः त्याच कार्डाला जोडावी लागते. आमची केबल योग्य जागी व घट्ट होती. मग शेजारच्या संगणकाचा चालू मॉनिटर, त्याच्याच केबलसह, या पेटीला जोडून पाहिला. तोही काळाच राहिला! अर्थात दोष पेटीत होता. या एका प्रयोगाने अर्धे काम झाले.

पेटीतला पंखा फिरत होता. पण कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबूनही तिचा दिवा लागेना. यावरून संगणकाचे काम आरंभीच अडत असावे, असा तर्क केला. अशा वेळी रॅमची पट्टी प्रथम पाहावी. आपल्याकडील दमट हवेत तिच्या संपर्कपट्ट्यांवर मळ वा गंज साचू शकतो.

आम्ही प्लग काढला, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरले आणि पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालविली. पट्टी काढून तिच्या पिवळ्या कडा पेन्सिलीच्या रबराने हलकेच पुसल्या, कण झटकले आणि दोन्ही टोकांच्या कड्या बसेपर्यंत ती पुन्हा दाबली. वीज देताच पडदा उजळला!

विद्यार्थ्यांनी प्रथम काय केले असेल? खाजन शेतीच्या माहितीची दुसरी प्रत काढली.

विद्यार्थी मित्रहो, दोन पथ्ये पाळा. एका वेळी एकच बदल करा. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण कळत नाही. पेटी वडीलधाऱ्यांसमक्षच उघडा. आणि वीजपुरवठ्याची डबी व मॉनिटर यांना मात्र कधीही उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही त्यांत घातक विद्युतभार राहू शकतो. एवढे करूनही चित्र न दिसल्यास संगणक जाणकाराकडे न्यावा. तोवर आपण काय काय तपासले हे लिहून ठेविले असेल, तर त्याचेही अर्धे श्रम वाचतील.